जायबंदी शिपायाचे अपील

कुलाबा जिल्ह्यातून मुंबईच्या पलटणींत जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. (या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड म्हणतात.) पेण, रोहे, अलिबागकडील बेने इस्रायल मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हटली जात. त्यांतील पुष्कळ जण पलटणीत शिरले आणि कित्येक सुभेदार होऊन पेन्शनीवर गावी परतले. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हवालदारीवरून निवृत्त झाले. पुढे १८९४ साली महारांच्या बंद पडलेल्या भरतीसंबंधी लष्करप्रमुखांकडे करावयाचा अर्ज त्यांनीच सिद्ध केला. सरकारास अर्ज करणे या प्रांतातील जुन्या शिपायास अपरिचित नव्हते.

परंतु पेन्शन नाकारली गेली तर तंटा न्यावयाचा कोठे? १८७१ च्या पेन्शन कायद्याने दिवाणी कोर्टाचे दार लावूनच घेतले होते. दावा कलेक्टरापुढे मांडावयाचा. त्याने दाखला दिला तरच कोर्टाने तो ऐकावयाचा. म्हणजे पेणकराने धरमतरची खाडी उतरून, रोहेकराने रेवदंड्यावरून अलिबाग गाठावयाचे, आणि ज्या सरकारने 'नाही' म्हटले त्याच्याच अधिकाऱ्यापुढे हात जोडावयाचे! गंमत अशी की, याच कायद्याने पेन्शनीवर सावकाराची जप्ती येऊ दिली नाही. सावकारापासून राखलेली पेन्शन सरकारापुढे मात्र निराधार होती, कारण ती कृपा समजली जाई. पेन्शन ही कृपा नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले ते १९७१ साली, एका मुलकी नोकराच्या खटल्यात.

सैन्यातील दुखापतीचा प्रश्न याहून बिकट. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमांत दोन अटी होत्या: अपंगत्व शेकडा वीस तरी असावे, आणि ते नोकरीमुळे आलेले किंवा नोकरीने वाढलेले असावे. गोळी लागली तर वाद नाही. पण फेफरे, रक्तदाब, मनाचा विकार यांचे काय? डॉक्टरांचे मंडळ 'प्रकृतिजन्य' असा एक शब्द लिही आणि त्या एका शब्दाने पेन्शन जाई.

सिग्नल दलात १९८५ साली भरती झालेल्या एका शिपायास फेफऱ्याच्या विकारामुळे १९९४ साली घरी धाडण्यात आले. अपंगत्व बरोबर वीस टक्के ठरले. पण दुखणे नोकरीचे नव्हे, असा शेरा पडला. हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयात तो एकदा जिंकला, पुढे तेथेच दोन न्यायाधीशांपुढे हरला. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असे धरले पाहिजे. पुराव्याचा बोजा त्याच्यावर नाही. आणि उलट म्हणावयाचे तर मंडळाने कारणे लिहावीत. ही तत्त्वे नवी नव्हती. १९८२ च्या नियमांतच ती छापलेली होती, पण शिपायाच्या वाट्यास ती येण्यास एकोणीस वर्षे लागली.

२००७ च्या कायद्याने सशस्त्र दलांसाठी वेगळे न्यायाधिकरण स्थापन झाले व त्याचे एक खंडपीठ मुंबईस बसू लागले, त्यामुळे पेण-रोह्याच्या माणसाची वाट पुष्कळ जवळ आली. तरी विलंबाची झळ उरतेच. १९८३ साली सैन्यातून काढलेला एक शिपाई सोळा वर्षांनी, १९९९ साली, न्यायालयात गेला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची पेन्शन मान्य ठेवली, पण मागील थकबाकी मिळाली ती अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच.