कॅम्बलटाउन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक बंदर व व्हिस्कीनिर्मितीचे इतिहासप्रसिद्ध केंद्र. हे किंटायर द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, खाडीच्या शिरोभागी वसले आहे. सतराव्या शतकात अर्गाइलच्या कॅम्बल घराण्यावरून त्यास हे नाव मिळाले. १७०० मध्ये ते राजसनदी नगर झाले.

आसमंतातील सातू व पीट, जवळच्या खाणींतील दगडी कोळसा आणि ग्लासगोशी असलेली जलवाहतूक यांमुळे येथे मद्यनिर्मितीचा धंदा भरभराटीस आला. १८२३ च्या अबकारी कायद्यानंतर चोरट्या भट्ट्यांची जागा परवानाधारक कारखान्यांनी घेतली. त्यांपैकी स्प्रिंगबँक हा कारखाना १८२८ मध्ये स्थापन झाला. ॲल्फ्रेड बार्नर्ड याने १८८७ च्या आपल्या ग्रंथात येथील २१ कारखान्यांचे वर्णन केले आहे.

हे वैभव एकाच धंद्यावर विसंबून होते. मिश्र व्हिस्कीच्या उत्पादकांची पसंती स्पेसाइडच्या सौम्य मद्याकडे वळली. उत्पादन वाढविण्याच्या भरात येथील मालाचा दर्जा खालावला आणि अमेरिकेतील दारूबंदीने (१९२०–३३) मोठी बाजारपेठ हिरावली. अखेर स्प्रिंगबँक व ग्लेन स्कोशिया हे दोनच कारखाने तगले. १९२५ मध्ये बंद पडलेला ग्लेनगाइल २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. २००९ च्या नियमांनी कॅम्बलटाउन या नावास व्हिस्कीचे संरक्षित स्थान म्हणून संरक्षण दिले.

स्प्रिंगबँकमध्ये भिजविलेला सातू जमिनीवर पसरून मोड आणण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंतची सर्व कामे एकाच आवारात होतात. जुनी पद्धत प्रत्यक्ष पाहता येत असल्याने अभ्यासक व पर्यटक येथे आवर्जून येतात.