कालव्याचा हिशेब: गोखले संस्थेची वाटचाल

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला उन्हाळ्यातही कुंडलिका नदीत खळाळते ते मुळशी धरणाचे पाणी. 1927 पासून ते टाटांच्या भिरा वीजकेंद्रात वीज करून कोकणात उतरते. वाटेत त्यावर राफ्टिंग चालते, डोलवहालच्या बंधाऱ्यावर ते अडते आणि कालव्यांनी भातखाचरांकडे वळते. धाटावचे कारखानेही याच नदीकाठचे. मग या पाण्याचा लाभ मांडायचा कसा? मुळशीत ज्यांची शेते बुडाली, ज्यांनी 1921 साली सत्याग्रह केला, त्यांचे नुकसान कुठे धरायचे?

असले प्रश्न आकड्यांनिशी सरकारपुढे ठेवण्याची शिस्त महाराष्ट्राला लावली ती पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून 1930 साली ती उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक.

इंग्रजी अमदानीत कालव्याची किंमत पाणीपट्टीवरून ठरे. भांडवलाचे व्याज वसुलीतून सुटले तर कालवा 'उत्पादक', नाहीतर खजिन्याला भार. गाडगिळांना ही कसोटीच अपुरी वाटली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखालच्या शेतीची संस्थेने पाहणी केली. बागायतीत पीक किती वाढले, मजुरांना काम किती मिळाले, व्यापार आणि गूळ-साखरेचा धंदा कसा पसरला, हे सगळे जमेस धरले. 1948 साली अहवाल छापला गेला. कालवा सरकारला काय देतो याआधी तो मुलखाला काय देतो हे पाहा, हा त्यातला विचार मला आजही मोलाचा वाटतो. पुढे त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी कारखान्याचे अध्यक्षपद गाडगिळांनी सांभाळले. अभ्यासक असा रानात उतरलेला क्वचितच दिसतो.

1964 साली गाडगीळ समितीने सिंचन प्रकल्पांसाठी लाभ-व्यय गुणोत्तराची शिफारस केली. खर्चाच्या दीडपट लाभ, ही कसोटी त्यातून रुळली. संस्थेचेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 साली राज्याच्या विकासाचा अनुशेष 3,186.78 कोटी रुपये मोजला आणि प्रादेशिक अन्यायाच्या वादाला जिल्हावार आकडे मिळाले.

घसरण झाली ती कसोटी फक्त मंजुरीपुरती उरली तेव्हा. लाभ आधी फुगवायचा, खर्च मागाहून वाढवायचा. 2012 साली राज्याला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली, पाठोपाठ चौकशीसाठी चितळे समिती नेमली गेली. पेणचा बाळगंगा प्रकल्पही लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीत अडकला.

गाडगिळांनी मोजणी केली ती पाणी शेतात पोहोचल्यानंतर. कोलाडच्या कालव्यांचीही तशीच मोजणी व्हावी: उन्हाळी भात किती एकरांत उभा राहिला, कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी किती दिवस मिळाले, दुरुस्तीवर किती पैसा गेला. दर पाच वर्षांनी हे आकडे जलसंपदा विभागाने प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावेत, आणि गावकऱ्यांनी ते तपासून घ्यावेत.