नोकरीसाठी शिकलेली मराठी : कंपनी सरकारचे अधिकारी, त्यांचे पंडित आणि मोडीचा प्रश्न

व्यवसायासाठी परकीय भाषा शिकणे ही जागतिकीकरणाच्या काळातील नवी गरज आहे, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. महाविद्यालयांतून जर्मन, जपानी वा फ्रेंच भाषेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू करताना त्यांच्या प्रस्तावात हेच वाक्य थोड्याफार फरकाने येते. परंतु महाराष्ट्रापुरते बोलायचे झाल्यास, केवळ नोकरीची अट म्हणून परकीय भाषा शिकण्याचा पहिला मोठा आणि शासनपुरस्कृत प्रयोग आपल्या लोकांनी केलेला नाही. तो आपल्या भाषेवर झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी हीच ती परकीय भाषा होती आणि शिकणारे होते ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी व लष्करी अधिकारी. मराठी गद्य, व्याकरण आणि कोशवाङ्मय यांच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख नेहमी होतो. मात्र तो बहुधा 'इंग्रजांनी मराठीची केलेली सेवा' या सदराखाली. हे काम ज्या गरजेतून झाले, त्या गरजेने मराठीचा कोणता भाग उजेडात आणला आणि कोणता अंधारात ठेवला, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कलकत्त्यातील मराठी

गव्हर्नर जनरल वेलस्ली याने 1798 च्या अखेरीस असे जाहीर केले की, 1 जानेवारी 1801 पासून कायदे, नियम व देशी भाषा यांच्या ज्ञानाची परीक्षा दिल्याखेरीज मुलकी सेवेतील काही जबाबदारीच्या जागांवर कोणाचीही नेमणूक होणार नाही. भाषा आणि हुद्दा यांची सांगड येथे प्रथमच नियमाने घातली गेली. पाठोपाठ 1800 साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. कंपनीच्या संचालकांना त्याचा खर्च फारसा रुचला नाही. तरीही 1854 मध्ये बंद होईपर्यंत हे कॉलेज आक्रसत का होईना, पण चालू राहिले.

या कॉलेजात विल्यम केरी हा बंगाली व संस्कृतबरोबर पुढे मराठीही शिकवू लागला. केरीने महाराष्ट्र कधी पाहिला नाही. 1793 मध्ये तो बंगालमध्ये आला आणि 1834 मध्ये तेथेच वारला. तरीही त्याचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले आणि 1810 मध्ये कोशही प्रसिद्ध झाला. हे शक्य झाले ते वैजनाथ नावाच्या पंडितामुळे. व्याकरण, कोश आणि त्यानंतरची पाठ्यपुस्तके या सर्वांमागे हा पंडित उभा आहे. 'सिंहासन बत्तिशी' (1814), 'हितोपदेश' (1815) यांसारखी पुस्तके या विद्यार्थ्यांच्या वाचनासाठीच छापली गेली. मराठी मुद्रित गद्याच्या आरंभीची ही पुस्तके मराठी वाचकांसाठी नव्हतीच, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या भाषेवर आपण जी टीका करतो तिचा रोख थोडा बदलावा लागतो.

केरीच्या व्याकरणाला नित्य व्यवहारातील विषयांवरचे संवाद जोडलेले आहेत. त्याने 1801 मध्ये बंगालीसाठी 'कथोपकथन' हे संवादांचे पुस्तक काढले होते. त्यात नोकर ठेवणाऱ्या साहेबापासून भांडणाऱ्या बायकांपर्यंत नाना प्रकारची माणसे बोलतात. आज परकीय भाषेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात स्थानकावरचे, दुकानातले, कचेरीतले संवाद असतात. ही पद्धत आपल्याकडे किती जुनी आहे, हे यावरून दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 1810 च्या कोशात मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. कारभाराचा मराठी कागद मोडीत असतो, हे कलकत्त्यात बसूनही या मंडळींना ठाऊक होते. पुढे मुंबईत हे भान राहिले नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हे पुढे येईलच.

1818 नंतरची गरज

पेशवाईच्या अस्तानंतर चित्र पालटले. तोपर्यंत मराठी ही शेजारच्या दरबाराची भाषा होती; आता ती रयतेची भाषा झाली. एल्फिन्स्टनने जुनी कारभारव्यवस्था शक्य तितकी तशीच चालू ठेवण्याचे धोरण स्वीकारले. जुनी व्यवस्था ठेवायची म्हणजे तिचे शब्दही ठेवणे आले. जमाबंदी, तगाई, वतन, इनाम, सनद, फिर्याद, ताबा या शब्दांना इंग्रजीत नेमके प्रतिशब्द नव्हते आणि ते शोधण्यात कोणी वेळही घालवला नाही. एच. एच. विल्सनने 1855 मध्ये न्याय व महसूल खात्यांतील देशी संज्ञांचा जाडजूड कोश प्रसिद्ध केला, तो याच अडचणीचा पुरावा होय. कचेरीच्या मराठीत फारसी-अरबी शब्दांचा भरणा असल्याने, हिंदुस्थानी वा फारसी शिकून आलेल्या अधिकाऱ्याला कचेरीची मराठी घरच्या मराठीपेक्षा सोपी जात असली पाहिजे, असे मला वाटते. जिल्ह्याचा कलेक्टर जमाबंदीचा वाद समजू शके आणि त्याच वादीची बायको काय म्हणते ते मात्र त्याला कळत नसे, ही स्थिती अशक्य नव्हती.

लष्करात भाषेला पैशाचे मोल होते. देशी पलटणीत दुभाष्याची स्वतंत्र जागा असे आणि तिला जादा भत्ता मिळे. 1842 साली मुंबई लष्करात दाखल झालेला रिचर्ड बर्टन एकामागून एक भाषांच्या परीक्षा देत गेला. हिंदुस्थानी, गुजराती यांच्यानंतर मराठीचीही परीक्षा त्याने दिली. हिंदुस्थानीत त्याची परीक्षा घेणारा व्हान्स केनेडी हा स्वतः 1824 च्या मराठी कोशाचा कर्ता होता. अरबी कथांचा हा प्रख्यात भाषांतरकार आपल्या भाषेकडे प्रथम बढतीची पायरी म्हणून आला होता.

मोल्सवर्थ आणि त्याचे शास्त्री

या सगळ्या प्रयत्नांत जेम्स मोल्सवर्थचे स्थान वेगळे आहे. अल्पवयात कंपनीच्या सैन्यात आलेल्या या अधिकाऱ्याने सोलापुरात असताना स्वतःच्या उपयोगासाठी मराठी शब्द टिपण्यास सुरुवात केली. पुढे मुंबई सरकारने हे काम हाती घेतले आणि 1825 च्या सुमारास मोल्सवर्थकडे ते रीतसर सोपवले. जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू त्यात सामील झाले. मदतीला शास्त्र्यांचे एक मंडळ होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, ती प्रामुख्याने या मंडळींचा स्वतंत्र मराठी-मराठी कोश 1829 मध्ये प्रसिद्ध झाला म्हणून. मोल्सवर्थचा कोश 1831 मध्ये निघाला. त्यात सुमारे 40,000 शब्द होते; 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते 60,000 वर गेले.

एवढ्या शब्दांची कोणत्या दुभाष्याला गरज होती? परीक्षा उत्तीर्ण होण्यास याच्या दशांशाने भागले असते. कोश चाळताना वारंवार असे वाटते की, मोल्सवर्थ मूळ कारण केव्हाच विसरला होता. शेतकऱ्याची अवजारे, पोरांचे खेळ, शिव्या, म्हणी, एखाद्या क्रियापदाचे दहा-दहा वाक्प्रचार असे सगळे त्याने गोळा केले. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी याची खूण केली. नोकरीसाठी सुरू झालेला अभ्यास नोकरीला ओलांडून गेल्याचे याहून मोठे उदाहरण मराठीत नाही.

परंतु याच ठिकाणी एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. शब्द सांगणारे आणि त्यांचा प्रतिष्ठित-अप्रतिष्ठित असा निवाडा करणारे शास्त्री बहुतेक एकाच सामाजिक स्तरातले होते. परकीय विद्यार्थ्याला 'शुद्ध' रूप कोणते हे हवे असते. त्याला पर्याय नको असतात. त्याच्या या गरजेला शास्त्र्यांनी आपल्या बोलीचे उत्तर दिले. पुढे थॉमस कँडीकडे 1837 मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची सूत्रे आली. त्याने 1847 मध्ये इंग्रजी-मराठी कोश पूर्ण केला, शालेय क्रमिक पुस्तकांच्या भाषेवर हात फिरवला, आणि परकीयांसाठी ठरवलेले प्रमाण रूप मराठी मुलांच्या शाळेत येऊन बसले. परक्यांना शिकवण्यासाठी आखलेल्या रेषेवर आपल्याच मुलांना उभे केले गेले, याबद्दल विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून अनेकांनी नाराजी दाखवली. तथापि त्यांचा राग इंग्रजी वळणावर होता, पुण्याच्या वळणावर नव्हे.

छापील पुस्तक आणि मोडीचा रुमाल

आता मोडीकडे वळू. व्याकरणे, कोश, क्रमिक पुस्तके बाळबोध लिपीत छापली जाऊ लागली. साहेब ती वाचून तयार झाला. कचेरीत मात्र त्याच्यासमोर येत ते मोडीतले रुमाल. कानामात्रा, ऱ्हस्वदीर्घ यांची फिकीर नसलेली ती धावती लिपी वाचण्यासाठी सराव लागतो, आणि संदर्भ माहीत असावा लागतो. छापील मराठी अस्खलित वाचणारा अधिकारी येथे पुन्हा निरक्षर होई आणि शिरस्तेदार वा कारकून वाचून दाखवील तेच प्रमाण मानावे लागे.

हे केवळ गैरसोयीचे नव्हते. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांच्या चौकशीचे व्यापक अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनीचा हक्क एखाद्या सनदेवर, तीवरील शिक्क्यावर, एका ओळीच्या वाचनावर अवलंबून राहिला. अशा वेळी निर्णय देणारा एक, वाचणारा दुसरा आणि भोगणारा तिसरा, अशी विभागणी झाली. दक्षिण महाराष्ट्रातील इनामदारांच्या असंतोषाची चर्चा करताना आपण कायद्याच्या कठोरपणावर बोट ठेवतो, ते योग्यच आहे. भाषा शिकलेल्या पण लिपी न शिकलेल्या राज्यकर्त्याचा प्रश्नही त्यात मिसळला पाहिजे, असे मी सुचवू इच्छितो.

एक बंगाली विद्यार्थी

1855 पासून मुलकी सेवेसाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली. 1863 मध्ये तीत निवडले गेलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. मराठी त्यांचीही मातृभाषा नव्हती. त्यांनाही ती नोकरीसाठीच शिकावी लागली. पुढे त्यांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. एच. ए. अ‍ॅकवर्थ या अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह 1891 मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, हेही याच परंपरेतले. येथे कारकुनाच्या मराठीऐवजी वारकऱ्याची आणि शाहिराची मराठी ऐकू येते. असे अधिकारी थोडेच होते. शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिकलेला मराठी कारकून सर्वत्र मिळू लागला आणि साहेबाची मराठी शिकण्याची निकड आपोआप ओसरली. भाषा शिकण्याचे ओझे आता खालच्या हुद्द्याकडे सरकले होते.

मोडीचे काय झाले? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती दप्तरांतून मागे पडली आणि दोन पिढ्यांत मराठी माणसालाच परकी झाली. 2023 साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली आणि ती वाचू शकणाऱ्यांचा शोध करावा लागला. अर्जदाराच्या पणजोबाची जात मोडीतल्या एका शब्दात होती. तो शब्द अर्जदाराला वाचता येत नव्हता, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्ज तपासणाऱ्यालाही.