जवाएवढी कातडी

बीड जिल्ह्यांतील परळी हें क्षेत्र वैद्यनाथाचें. समुद्रमंथनांतून निघालेल्या धन्वंतरीला आणि अमृताला देवांनीं तेथील शिवलिंगांत लपविलें, आणि दैत्यांनीं त्या लिंगास हात लावतांच आंतून ज्वाळा उसळल्या, अशी त्या क्षेत्राची कथा आहे. वैद्य, चिरतारुण्य आणि दाहक तेज हीं तिन्ही त्या कथेंत एकत्र आलीं आहेत. लेसर किरणांनीं पापण्यांवरील वार्धक्याच्या खुणा दूर करण्याची जी शस्त्रक्रिया आज रूढ आहे, तींतहि नेमकीं हींच तीन एकत्र येतात. परंतु त्या क्रियेचा इतिहास पाहूं गेल्यास आरंभीं तारुण्याचा प्रश्न दिसतच नाहीं. दिसतो तो दृष्टीचा.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत पक्ष्मकोप नांवाचा विकार वर्णिला आहे. यांत पापणीचे केस आंत वळतात आणि बुबुळावर घासूं लागतात. उपाय न केल्यास दृष्टि जाते. खुपऱ्या जुन्या झाल्या म्हणजे हीच अवस्था येते. सुश्रुताचा उपाय असा: भुंवईखालचे दोन भाग सोडावे, केसांलगतचा एक भाग राखावा आणि मधली जवाच्या आकाराची कातडी आडवी कापून काढावी, जखम केसानें शिवावी, तीस तूप व मध लावावा आणि कपाळावर पट्टी बांधून टाके तीस अडकवावे. कातडी आंखडली कीं पापणीची कड बाहेर वळते आणि बुबुळ वांचतें. साऱ्या कृतींत महत्त्व आहे तें त्या जवाच्या मापाला. माप कमी पडल्यास व्याधि उरते. अधिक झाल्यास डोळा मिटत नाहीं.

अशी विद्या ग्रंथांपेक्षां हातांनीं अधिक जपली. टिपूच्या युद्धांत इंग्रज सैन्याचा गाडीवान कावसजी कैद झाला आणि त्याचें नाक कापण्यांत आलें. पुढें १७९३ च्या सुमारास पुण्यास एका देशी कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्याचें नाक पुन्हां घडविलें. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें छापून आला, आणि तो वाचून कार्प नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तेथें तशीच क्रिया केली. जर्मनीच्या फॉन ग्रेफे यानेंहि हा विषय हातीं घेतला. पापणीच्या पुनर्रचनेस ‘ब्लेफरोप्लास्टी’ हें नांव त्यानेंच १८१८ सालीं योजिलें. त्याच्यापुढील रोगीहि सौंदर्याचा इच्छुक नव्हता. त्याच्या पापणीस कर्करोग झाला होता.

शस्त्राच्या जागीं प्रकाश आला तो विसाव्या शतकांत, आणि या पर्वाचा धागा पुन्हां महाराष्ट्राशीं जुळतो. पहिला लेसर अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें १९६० सालीं प्रज्वलित केला. त्यानंतर चारच वर्षांनीं, बारामतीस १९३८ सालीं जन्मलेले आणि पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण घेतलेले कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं; परंतु शरीरांतील पाणी तो तत्काळ शोषून घेतें. त्यामुळें किरण पडेल तेथील पेशींची वाफ होते, आणि कांपतां कांपतांच बारीक रक्तवाहिन्याहि बंद होतात. रक्तानें भरून येणाऱ्या पापणीसारख्या नाजुक जागीं हा लाभ मोठा होय. अशा लेसरनें केलेल्या पापण्यांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केला.

वयपरत्वें पापणीची कातडी सैल पडते, तिच्या आंतला पडदा दुबळा होतो आणि त्यामागील चरबी पुढें येऊन डोळ्यांखालीं फुगवटे दिसूं लागतात. वरच्या पापणीची जादा कातडी काढणें, खालच्या पापणीची चरबी आंतल्या बाजूनें कमी करणें आणि सौम्य किरणांनीं बारीक सुरकुत्या आंखडणें, असे या क्रियेचे तीन भाग आहेत. बुबुळ भाजूं नये म्हणून क्रियेच्या वेळीं पापणीखालीं धातूची ढाल बसवितात. तरीहि सावळ्या वर्णाच्या त्वचेवर काळसर डाग पडण्याचा संभव असतो, आणि कातडी जास्त गेल्यास डोळा उघडाच राहून बुबुळ सुकतें. सुश्रुताच्या जवाचें माप लेसरच्या हातींहि सुटलेलें नाहीं.

खुपऱ्या हा भारतांत आतां सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं जाहीर केलें. परळीशेजारच्या अंबाजोगाईस ग्रामीण भागासाठीं स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें वैद्यकीय महाविद्यालय आहे. तें १९७४ सालचें. याच जिल्ह्यांतून दर हंगामांत हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. उन्हानें त्वचा अकालीं सैल पडते, आणि वरची पापणी लोंबून नजरेआड आली म्हणजे कामकऱ्याला वरचें दिसेनासें होतें. आरशासमोरच्या शहरी माणसाला जी कातडी वयाची खूण वाटते, तीच या माणसाच्या कामांतला अडसर ठरते. दोघांसाठीं शस्त्र एकच आणि माप एकच. परंतु ही विद्या प्रथम ज्याच्यासाठीं निर्माण झाली, तो दुसरा होय.