फटफटीच्या नळीची कुळकथा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानवाटांवर राजदूत हाकणाऱ्याचा एक ठरलेला इलाज असे: गाडी चढाला दम टाकू लागली की सायलेन्सरची पुंगळी काढायची. गाडी गरजायची, पण पळायची नाही. टू-स्ट्रोकची ताकद आवाजात नसते, नळीच्या मापात असते. हे माप हाती लागलं जर्मनीत.

या इंजिनाला झडपा नसतात. धूर जायचं भोक उघडं असतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं काही धुरासोबत वाया जातं. १९५०च्या दशकाच्या आरंभी डीकेडब्ल्यू कंपनीच्या एरिख वोल्फ यांनी शर्यतीच्या गाड्यांना मधे फुगीर नळ्या लावल्या. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी त्या युक्तीचं शास्त्र केलं.

धुराच्या दाबाची लाट नळीतून धावते. नळी रुंदावते तिथून परतणारी लाट सिलिंडरमधला धूर ओढून काढते. पुढे नळी निमुळती होते तिथून परतणारी लाट बाहेर सांडलेलं मिश्रण भोक मिटायच्या आत परत ढकलते. सगळा खेळ वेळेचा. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल आणि भोक अर्धा फेरा उघडं राहत असेल, तर हाती ३.७५ मिलिसेकंद मिळतात. तापल्या धुरात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. जाऊन-येऊन हिशेब केला की निमुळत्या टोकापर्यंतचं अंतर ९४ सेंटिमीटरच्या आसपास येतं. फेरे वाढवायचे तर नळी आखूड हवी, कमी फेऱ्यांत ओढ हवी तर लांब. म्हणूनच शर्यतीची नळी धान्याचं पोतं लादलेल्या गाडीला उपयोगाची नाही.

१९६१पर्यंत काडेन यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२मध्ये सुझुकीने ५० सीसी गटात पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं, स्वार डेग्नरच. पुढे टू-स्ट्रोकची सत्ता जपान्यांकडे गेली.

आपल्याकडे ती जपानी घडण १९८३मध्ये राजदूत ३५०मधून आली आणि १९८५मध्ये यामाहा आरएक्स १००मधून घरोघरी पोचली. अवघ्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती! साधी राजदूत मात्र पोलंडच्या एसएचएल गाडीच्या घराण्यातली, तिचा स्वभाव सावकाश ओढण्याचा.

तेव्हा घरात जुनी गाडी असेल तर पुंगळी फेकू नका. जळक्या ऑईलची काजळी तिच्यात साचते आणि धुराची वाट अडते. ती काढा, पुंगळी धुऊन परत बसवा. हरवलेला पिकअप बहुतेकदा तिथेच सापडतो, आणि ताडोब्याच्या कडेच्या रस्त्यावर जनावरं बुजत नाहीत.