ज्युलियन ट्यूडर हार्ट

ज्युलियन ट्यूडर हार्ट (९ मार्च, इ.स. १९२७ : लंडन, इंग्लंड – १ जुलै, इ.स. २०१८) हे ब्रिटिश कुटुंबवैद्य, संशोधक आणि लेखक होते. दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरूग या कोळसा-खाणकामगारांच्या गावात त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकीय सेवा दिली. आपल्या यादीतील झाडून सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजणे, उच्च रक्तदाबाचे रुग्ण शोधणे आणि त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे हा त्यांचा उपक्रम प्राथमिक आरोग्यसेवेतील दीर्घकालीन आजारांच्या व्यवस्थापनाचा एक आद्य नमुना मानला जातो. इ.स. १९७१मध्ये त्यांनी मांडलेला ‘व्यस्त सेवेचा नियम’ही प्रसिद्ध आहे.

जीवन

हार्ट यांचे आई आणि वडील दोघेही डॉक्टर होते. वडील अलेक्झांडर ट्यूडर हार्ट यांनी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. ज्युलियन यांचे शिक्षण केंब्रिज विद्यापीठात आणि लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात झाले. लंडनमध्ये काही काळ व्यवसाय केल्यानंतर ते साथरोगशास्त्राकडे वळले आणि कार्डिफ येथे आर्ची कॉक्रेन यांच्या संशोधन विभागात दाखल झाले. कॉक्रेन यांनी ऱ्होंडा खोऱ्यातील खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांचा अभ्यास केला होता. ‘उपचार गुणकारी आहे की नाही हे चाचणीने ठरवावे, अधिकारवाणीने नव्हे’ हा त्यांचा आग्रह पुढे पुरावाधिष्ठित वैद्यकाचा पाया ठरला.

इ.स. १९६१च्या सुमारास हार्ट ग्लिनकॉरूगला आले. गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास होती. पुढे खाणी बंद पडल्या आणि बेकारी वाढली. हार्ट यांनी मात्र गाव सोडले नाही. त्यांच्या पत्नी मेरी याही या संशोधनात सहभागी होत्या. हार्ट राजकीय विचारांनी साम्यवादी होते आणि कम्युनिस्ट पक्षातर्फे त्यांनी संसदेच्या निवडणुकाही लढवल्या.

उच्च रक्तदाबाचा शोध

उच्च रक्तदाबात बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. त्यामुळे रुग्ण स्वतःहून डॉक्टरकडे येत नाही आणि पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार झाल्यावरच मूळ आजार ध्यानात येतो. दुखणे घेऊन आलेल्यालाच तपासायचे, या रूढ पद्धतीत असा रुग्ण नेमका निसटतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या कुटुंबवैद्याच्या यादीत असते. या यादीचा हार्ट यांनी उपयोग करून घेतला. खोकला, जखम, दाखला अशा कोणत्याही कारणाने माणूस दवाखान्यात आला, की त्याचा रक्तदाब मोजून नोंद केली जाई. काही वर्षांत बहुतेक लोक एकदा तरी येऊन जातात. उरलेल्यांची नावे यादीवरून काढून त्यांना बोलावले जाई. या पद्धतीने वीस ते चौसष्ट वयोगटातील जवळजवळ सर्वांची तपासणी पूर्ण झाली. तिचा अहवाल इ.स. १९७०मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यादीमुळे आणखी एक गोष्ट साधली. किती रुग्णांवर उपचार चालू आहेत एवढेच न कळता, किती जण अद्याप सापडलेले नाहीत किंवा उपचार सोडून गेले आहेत हेही मोजता येऊ लागले.

उपचारांमागील पुरावा

अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या नियंत्रित चाचण्यांनी (इ.स. १९६७ आणि १९७०) तीव्र व मध्यम उच्च रक्तदाबावर औषधांचा फायदा होतो, हे सिद्ध केले होते. सौम्य उच्च रक्तदाबाचे काय, हा प्रश्न उरला. त्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यांमधूनच मोठी चाचणी घेतली. तीत सतरा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि ग्लिनकॉरूगचा दवाखानाही सहभागी होता. इ.स. १९८५मध्ये तिचे निष्कर्ष आले. औषधांनी पक्षाघात कमी झाले, परंतु एक पक्षाघात टाळण्यासाठी सुमारे ८५० रुग्णांना वर्षभर औषध द्यावे लागत होते. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही.

पुराव्याच्या या दोन बाजूंमुळे व्यवहारात तारतम्य आवश्यक ठरते. एकीकडे धोका जास्त असलेला रुग्ण सुटता कामा नये. दुसरीकडे किंचित वाढलेल्या आकड्यासाठी निरोगी वाटणाऱ्या माणसाला जन्मभराचे औषध देण्यापूर्वी वारंवार मोजणी, धूम्रपान, वय व इतर विकार यांचा विचार करावा लागतो.

परिणाम

पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा हार्ट व सहकाऱ्यांनी इ.स. १९९१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये घेतला. उच्च रक्तदाबाच्या ११६ रुग्णांचा सरासरी रक्तदाब सुरुवातीला १८६/११० मिमी पारा होता. तो इ.स. १९८७मध्ये १४६/८४पर्यंत उतरला. गावातील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आले. अशी योजना नसलेल्या शेजारच्या ब्लाइनग्विनव्ही गावाच्या तुलनेत पासष्ट वर्षांखालील मृत्यूंचे प्रमाणही कमी आढळले. मात्र दोन लहान गावांची ही तुलना यादृच्छिक चाचणीची जागा घेऊ शकत नाही. मृत्यू कमी होण्याचे श्रेय एकाच कारणाला देता येत नाही.

हार्ट आपल्या कामाचीही तपासणी करत. दवाखान्याच्या यादीतील लागोपाठच्या ५०० मृत्यूंचा आढावा घेऊन, कोणता मृत्यू कशाने टळू शकला असता आणि त्यात रुग्णाचा, कुटुंबवैद्याचा वा रुग्णालयाचा वाटा किती, हे त्यांनी इ.स. १९८७मध्ये प्रसिद्ध केले.

व्यस्त सेवेचा नियम

२७ फेब्रुवारी, इ.स. १९७१ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये हार्ट यांनी हा नियम मांडला. ज्या लोकसमूहाला चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, त्याला ती सर्वांत कमी मिळते, असा त्याचा आशय आहे. वैद्यकीय सेवा बाजारपेठेच्या हाती जितकी अधिक, तितका हा नियम अधिक कठोरपणे लागू होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानुसार, चाचण्यांनी सिद्ध झालेला उपचारही गरजूपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्याला शोधण्याची यंत्रणा उभारावी लागते.

निम्म्यांचा नियम

उच्च रक्तदाबाच्या निम्म्या रुग्णांना आजाराची माहिती नसते, माहीत असलेल्यांपैकी निम्मे उपचार घेत नाहीत आणि घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात असतो. या ठोकताळ्यास ‘निम्म्यांचा नियम’ म्हणतात. त्यानुसार शंभर रुग्णांपैकी जेमतेम बारा-तेरा जणांचा रक्तदाब नियंत्रित असतो. हा नियम मूळ हार्ट यांचा नसला, तरी कुटुंबवैद्यांच्या कामावर त्याचा काय परिणाम होतो याचे विवेचन त्यांनी इ.स. १९९२मध्ये केले. भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही सामाजिक वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातून तो शिकवला जातो.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची आखणी याच गळतीचा विचार करून झालेली आहे. महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या या उपक्रमात दवाखान्यात येणाऱ्या प्रौढांची मोजणी, ठरावीक उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा आणि न आलेल्या रुग्णांचा पाठपुरावा यांवर भर आहे.

लेखन व सन्मान

‘अ न्यू काइंड ऑफ डॉक्टर’ (इ.स. १९८८) आणि ‘द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ हेल्थ केअर’ (इ.स. २००६) हे हार्ट यांचे प्रमुख ग्रंथ होत. उत्तम सेवा ही डॉक्टर आणि रुग्ण यांची संयुक्त निर्मिती असते, हे सूत्र त्यांच्या लेखनात वारंवार येते. इ.स. २००६मध्ये ब्रिटनच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स’ने त्यांना ‘डिस्कव्हरी’ पुरस्कार दिला.