स्थानिक शासनातील डिजिटल लोकसहभाग

स्थानिक शासनातील डिजिटल लोकसहभाग म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरण यांच्या निर्णयप्रक्रियेत रहिवाशांनी संगणक, भ्रमणध्वनी व इंटरनेट यांच्या साहाय्याने घेतलेला भाग होय. संकेतस्थळावर माहिती पाहणे, ऑनलाइन मत नोंदविणे, आराखड्यावर हरकत पाठविणे, अंदाजपत्रकासाठी काम सुचविणे हे त्याचे प्रचलित प्रकार आहेत. खड्डा किंवा तुंबलेले गटार यांची तक्रार ॲपवर नोंदविणे हा प्रकार पुष्कळदा यातच गणला जातो; परंतु तक्रार निर्णयानंतरच्या अंमलबजावणीविषयी असते, तर लोकसहभाग निर्णय होण्यापूर्वीचा असतो. महाराष्ट्र शासनाचे २०१५ मध्ये सुरू झालेले 'आपले सरकार' संकेतस्थळ तक्रार निवारण व सेवा यांसाठी आहे, ही बाब या दृष्टीने लक्षात घ्यावी लागते.

संकल्पना

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना केवळ सहभागाचा भास देणाऱ्या पद्धती असून टोकाला नागरिकांचे प्रत्यक्ष नियंत्रण आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ई-शासनविषयक पाहण्यांत माहिती देणे, सल्ला घेणे व निर्णयात सामील करणे असे तीनच टप्पे मानलेले आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून अंदाजपत्रकातील कामे नागरिकांच्या सभांतून ठरविण्याची पद्धत सुरू झाली. बार्सिलोना शहराने २०१६ मध्ये 'डेसिडिम' हे मुक्त स्रोत प्रणालीवर आधारलेले व्यासपीठ वापरात आणले. भारतातील बहुतेक डिजिटल साधने आजही पहिल्या दोन टप्प्यांतच मोडतात.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील खेड्यांत लोकसहभागाचा मूळ आधार ग्रामसभा हा आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात व नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या लागते. घटनेतील व्याख्येप्रमाणे ग्रामसभा गावाच्या मतदारयादीत नोंद असलेल्या व्यक्तींची बनते. गावात राहणे आणि ग्रामसभेचा सदस्य असणे या दोन गोष्टी त्यामुळे एक नाहीत.

शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्यांची तरतूद केली. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूदही कायद्यात आणली, मात्र ग्रामसभेसारखी नियमित क्षेत्रसभा शहरांत रुजलेली नाही.

नगररचनेच्या क्षेत्रात वेगळा कायदा लागू होतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत, तर प्रारूप प्रादेशिक योजनेवर किमान चार महिन्यांच्या मुदतीत हरकती व सूचना देता येतात. मुदतीत आलेल्या हरकतीचा विचार करणे प्राधिकरणाला भाग असते. समाजमाध्यमावर हजार जणांनी व्यक्त केलेल्या नाराजीला हे स्थान नाही. एका रहिवाशाने पोच घेऊन दिलेल्या अर्जाला आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली. तथापि त्याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये असे स्पष्ट केले आहे की, शासकीय कार्यालयाने एखादा दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावा असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकाला मिळत नाही. हे कलम फारसे चर्चेत नसते. प्राधिकरणाने जाहीर सूचनेत ईमेलचा किंवा संकेतस्थळाचा मार्ग दिला असेल तर तो वापरता येतो. दिलेला नसेल तर लेखी अर्ज प्रत्यक्ष सादर करणे हाच सुरक्षित मार्ग उरतो.

काल्हेर : एका गावावर अनेक यंत्रणा

काल्हेर हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गाव आहे. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा पूल ओलांडल्यावर कशेळीच्या पुढे ते लागते. गोदामे व गृहसंकुले यांमुळे गावाचे स्वरूप पालटले असून जनगणनेत त्याची गणना 'जनगणना शहर' म्हणून होते. किमान ५,००० लोकसंख्या, प्रति चौरस किलोमीटर ४०० ची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, असे या वर्गाचे निकष आहेत. जनगणना शहर ठरल्याने नगरपालिका मिळत नाही. कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. काल्हेर भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीत येत नाही.

भिवंडी शहराभोवतालच्या ६० गावांच्या अधिसूचित क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) हे २००७ पासून विशेष नियोजन प्राधिकरण आहे व काल्हेर या क्षेत्रात मोडते. जमिनीचा वापर, आरक्षणे व रस्त्यांची रुंदी हे विषय त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हाती नाहीत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्ग ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे झाले. या मार्गावर काल्हेर स्थानक आहे आणि हा प्रकल्पही एमएमआरडीएचाच आहे. पाणी, दिवाबत्ती, गावांतर्गत रस्ते व कचरा यांसाठी रहिवासी ग्रामपंचायतीकडे जातात, तर शाळा व आरोग्य केंद्र यांसाठी जिल्हा परिषदेकडे.

अशा गावात डिजिटल लोकसहभागाची पहिली अडचण तंत्राची नसून पत्त्याची असते. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर आरक्षणाविषयी कितीही मते मांडली, तरी ज्या कार्यालयात तो निर्णय होतो तेथे ती पोहोचत नाहीत. दुसरी अडचण मतदारयादीची आहे. गृहसंकुलात नव्याने आलेल्या अनेक कुटुंबांची नावे मूळ गावी किंवा आधीच्या शहरातील यादीतच असतात. अशी कुटुंबे घरपट्टी भरत असली, ऑनलाइन पाहणीत मत देऊ शकत असली, तरी ग्रामसभेतील ठरावावर हात वर करू शकत नाहीत. वाढत्या नागरी गावांत जुने ग्रामस्थ आणि नवे रहिवासी यांच्यात जे अंतर दिसते, त्याला ही बाबही कारणीभूत आहे. नाव नोंदविणे हा त्यावरचा सरळ उपाय असून तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो.

ग्रामपंचायतीतील साधने

चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागल्यावर राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमातून ग्रामपंचायत विकास आराखडे तयार होऊ लागले. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेल्या 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर हे आराखडे व खर्चाच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. राज्याच्या ग्रामविकास विभागाचे 'महा ई-ग्राम सिटीझन कनेक्ट' हे ॲप दाखले, कर व तक्रारी यांसाठी आहे. मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' ही प्रणाली आणली. ग्रामसभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे इतिवृत्ताचा मसुदा तयार करणे हे तिचे काम आहे. इतिवृत्तात न बोललेले ठराव आल्याचा आणि बोललेले गाळल्याचा आरोप गावोगावी जुना असल्याने, मूळ मुद्रण जपून ठेवले गेले तर या साधनाचा उपयोग त्याच्या निर्मात्यांनी मानला त्याहून अधिक होईल.

आराखड्यात लोकांनी सुचविलेले काम का आले नाही, याचे उत्तर पुष्कळदा निधीच्या स्वरूपात असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. रस्ता किंवा उद्यान यांसाठी उरलेल्या ४० टक्क्यांतूनच मार्ग काढावा लागे. ही मर्यादा आधी सांगितली नाही, तर मते मागविण्याने अपेक्षाभंगच पदरी पडतो.

शहरांतील अनुभव

पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन नागरिक आपल्या भागातील पदपथ, दिवे, बाके यांसारखी लहान कामे सुचवितात. पुढे हे अर्ज ऑनलाइनही घेतले जाऊ लागले. कामाच्या खर्चाला मर्यादा असल्याने शहराच्या मोठ्या प्रश्नांना ही पद्धत हात घालत नाही; परंतु सुचविलेले काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापून येते आणि पुढच्या वर्षी त्याचा जाब विचारता येतो, हे तिचे बळ आहे.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर ५० हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने ते नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले व आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. या घटनेत नकाशे संकेतस्थळावर खुले होणे महत्त्वाचे ठरले. आपली वसाहत, चर्च, मंदिर किंवा मैदान नकाशात कसे दाखविले आहे हे लोकांनी स्वतः पाहिले आणि चुका दाखवून दिल्या. पूर्वी त्यासाठी कार्यालयात जाऊन नकाशा पाहावा लागे.

कोविड-१९ च्या काळात, २०२० मध्ये, महापालिकांच्या सर्वसाधारण सभा दूरदृश्य प्रणालीद्वारे झाल्या. त्या प्रामुख्याने लोकप्रतिनिधींच्या सभा होत्या. सर्व मतदारांना बोलण्याचा हक्क असलेली ग्रामसभा पडद्यावर नेणे हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

भाषा व उपलब्धता

महाराष्ट्र विधिमंडळाने मार्च २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक करणारे विधेयक संमत केले. तरीही विकास नियंत्रण नियमांची परिभाषा, नकाशांवरील संकेतचिन्हे आणि गट क्रमांकांच्या याद्या सामान्य वाचकाला अपरिचितच वाटतात. भिवंडी परिसरात आगरी बोलीसह मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगू बोलणारे लोक एकत्र राहतात. लूम व गोदामांतील अनेक कामगारांचा इंटरनेटशी संबंध केवळ भ्रमणध्वनीपुरता असतो. मोठ्या आकाराचा नकाशा त्या लहान पडद्यावर वाचता येत नाही. त्यामुळे जाहीर सूचनेसोबत ग्रामपंचायत कार्यालयात नकाशाची छापील प्रत लावणे आणि हरकतीचा नमुना अर्ज तेथेच ठेवणे, या जुन्या पद्धती डिजिटल व्यवस्थेतही आवश्यक राहतात.